आनंदाआधीचा हिशेब

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीस सुरू होत नाही आणि नाताळासही होत नाही. ते सुरू होते नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांत जो रविवार पडेल त्या दिवशी, आणि तेथपासून ख्रिस्तजयंतीच्या पूर्वसंध्येपर्यंतचे जे तीन-चार आठवडे, त्यांस आपले मराठी ख्रिस्ती बांधव आगमनकाळ म्हणतात. या काळात कॅथलिक धर्मगुरूंच्या अंगावर प्रायश्चित्ताचे जांभळे वस्त्र असते, रविवारच्या मिस्सेतील महिमागान वगळलेले असते, वेदीवरची फुलांची आरासही हात राखूनच केलेली असते. आणि असे असताना तिसऱ्या रविवारी मात्र जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्र येऊ शकते आणि संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील आनंद करण्याची आज्ञा उपासनेच्या आरंभीच ऐकू येते. सण अजून आलेला नाही, गव्हाण रिकामी आहे, आणि आज्ञा आनंदाची! आज्ञा करून आनंद होतो काय, आणि होत असेल तर तो कोणास व कोणत्या शर्तीवर, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांपुरताच राहावा असे आम्हांस वाटत नाही.

हा विषय माकणीच्या परिसरातून काढावा याचे काहींस नवल वाटेल. लोहारा तालुक्यातील या भागास पंढरीची वारी ठाऊक आहे, नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा ठाऊक आहे, दर्ग्यांचे ऊरूस ठाऊक आहेत; ख्रिस्ती घरे मात्र विरळ. २०११ च्या जनगणनेत अवघ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी भरले, आणि त्यांतील मोठा हिस्सा मुंबई, ठाणे, वसई, पुणे या बाजूचा. तथापि वाट पाहणे ही जी आगमनकाळाची मुख्य साधना, तिच्यात आमचा मुलूख कोणाच्या मागे नाही. माकणीपाशी तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचे मातीचे धरण आहे. आभाळ फिरले की त्याच्या आवर्तनाची वाट पाहायची. ज्याची जमीन संपादनात गेली त्याने मावेजाची, ज्याचे सोयाबीन पाण्यात गेले त्याने पंचनाम्याची आणि मग विम्याच्या रकमेची, ज्याच्या घरी कर्ता पुरुष गेला त्याने वारसाच्या फेरफाराची वाट पाहायची. आणि ही सारी प्रतीक्षा सज्जापासून कलेक्टर कचेरीपर्यंतच्या बाकांवर, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन, साहेब दौऱ्यावर गेले आहेत हे शिपायाचे उत्तर ऐकत करायची. अशा माणसास जर कोणी म्हटले की बाबा, प्रतीक्षेत आनंद मान, तर तो त्या उपदेशकास दोन शब्द ऐकवील, आणि ते अप्रस्तुत ठरणार नाहीत.

म्हणून प्रथम हे पाहिले पाहिजे की हा आनंदाचा उपदेश मूळचा कोणाच्या तोंडचा आणि कोणत्या प्रसंगीचा. आगमनकाळात ज्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील उतारे सर्वांत अधिक वाचले जातात, त्यातील सांत्वनाचे ते प्रसिद्ध प्रकरण बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या लोकांस उद्देशून आहे. घरदार, देऊळ, राज्य हे सर्व ज्यांचे गेले त्यांस, अरण्यातून वाट निघेल, असे ते सांगते. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले ते कैदेतून. आणि अलीकडचे उदाहरण पाहावयाचे तर आल्फ्रेड डेल्प हा जर्मन येशुसंघीय धर्मगुरू हिटलरच्या राजवटीविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असताना, १९४४ च्या डिसेंबरात, हातांत बेड्या असतानाच त्याने आगमनकाळावरील आपले चिंतन कागदाच्या कपट्यांवर उतरवले, आणि ते बाहेर पोहोचविले गेले. पुढे २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यास फाशी देण्यात आली. सुखवस्तू माणसाने दुःखितास केलेला उपदेश आणि कैद्याने कैद्यास सांगितलेली गोष्ट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यास उद्धटपणा म्हणतात, दुसऱ्यास साक्ष. आगमनकाळाचे आनंदविषयक वाङ्मय बहुतेक दुसऱ्या जातीचे आहे.

डेल्पच्या त्या चिंतनाचा गाभा असा की आगमनकाळ हा माणसाने मुळापासून हादरण्याचा काळ आहे, आणि हादरल्यावाचून त्यास जाग येत नाही. विचार मोठा आहे खरा. पण आमच्या भागात हादरण्याविषयी बोलताना जीभ जपून वापरावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक नुकतेच अंथरुणास पाठ टेकतात तोच, किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी, होळी, राजेगाव या पट्ट्यातील दगडमातीचे माळवदी वाडे निजलेल्या माणसांवर बसले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार जीव गेले, बावन्न गावे पार जमीनदोस्त झाली. माकणीच्या धरणातील पाण्याचा भार या भूकंपास कारण झाला काय, यावर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार २८ नोव्हेंबरला आला. म्हणजे भूकंपास दोन महिने पुरे व्हायचे होते, आणि लोक पत्र्याच्या शेडमध्ये थंडी काढत होते. देशोदेशींच्या ज्या मदतसंस्था या पट्ट्यात आल्या त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. त्या रविवारी त्यांच्यापैकी कोणी शेडच्या दाराशी उभे राहून आनंद करा असे म्हटले असते तर ते पाप झाले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु शेडवर पत्रा ठोकणारा, लंगरात भाकरी वाढणारा, मलब्याखालचा दस्तऐवज शोधून देणारा माणूस जर त्या दिवशी संध्याकाळी आपल्या तंबूत बसून ते वचन स्वतःशी म्हणाला असेल, तर ते त्याच्या तोंडी शोभून दिसले असेल. म्हणजे आनंदाच्या या आज्ञेस अधिकार लागतो, आणि तो अधिकार हाताने मिळवावा लागतो.

हे आमच्या पदरचे नाही. ख्रिस्ती उपासनेची वाचनमाला तीन वर्षांच्या फेऱ्याची असते. त्यातील तिसऱ्या वर्षी, नेमक्या त्या आनंदाच्या रविवारी, लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील जो भाग वाचला जातो त्यात आनंदाचे नावही फारसे नाही, आहे तो हिशेब. यार्देन नदीकाठी उंटाच्या केसांचे वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा योहान लोकांस खडसावीत आहे, आणि खडसावून झाल्यावर लोक त्याला विचारतात की मग आम्ही करावे तरी काय. योहानाची उत्तरे इतकी साधी आहेत की वाचणारा चपापतो. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्यास द्यावा, अन्नाचेही तसेच करावे. जकातदार पुढे येतात, त्यांस तो सांगतो की ठरवून दिलेल्या आकाराहून अधिक वसूल करू नका. शिपाई पुढे येतात, त्यांस तो सांगतो की कोणास धाक घालून पैसा उकळू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात राहा.

या तीन उत्तरांवर किंचित रेंगाळले पाहिजे. रोमन अमलात जकात व पथकर यांची वसुली बहुधा मक्त्याने दिली जात असे. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि मग नाक्यावर बसून प्रजेकडून ती सव्वाईने-दिढीने काढून घेई, आणि ही वरची कमाई कोणास लपवावीशीही वाटत नसे, कारण व्यवस्थाच तशी होती. हैदराबाद संस्थानच्या आमच्या या मुलखास हे काही परके नाही. पहिल्या सालारजंगाने १८५३ साली दिवाणी हाती घेऊन मालगुजारीचे मक्ते मोडीत काढीपर्यंत आणि १८६५ ची जिल्हाबंदी अमलात येईपर्यंत आमच्या पूर्वजांनी याच जातीचे वसूलदार दारी उभे राहिलेले पाहिले होते. अशा जकातदारास योहान काय म्हणेल अशी आपली अपेक्षा असते? नोकरीवर लाथ मार, माझ्यामागे अरण्यात ये, टोळ खा. तो तसे म्हणत नाही. जकातनाक्यावरच बस म्हणतो, शिपायास पहाऱ्यावरच राहा म्हणतो. फक्त ठरल्याहून एक पैही अधिक घ्यायची नाही. स्वतः संन्याशाचे जिणे जगणाऱ्या माणसाने दुसऱ्यांस संन्यास न सांगता प्रामाणिक चाकरी सांगावी, यात जी व्यवहाराची जाण आहे ती आम्हांस मोठमोठ्या प्रवचनांहून मोलाची वाटते. आणि ही साधना उपासाहून सोपी आहे असे ज्यास वाटत असेल त्याने ती एक आठवडा करून पाहावी. उपासाला घरचे लोक साबुदाणा देतात, शेजारी कौतुक करतात. पण फेरफाराच्या नोंदीसाठी आलेल्या म्हातारीकडून चहापाण्याची नोट न घेता तिचे काम त्याच दिवशी करून देणाऱ्या कारकुनाकडे कचेरीतले सोबती कौतुकाने पाहतातच असे नाही.

आगमनकाळ आणि आनंद यांचा सांधा आम्हांस येथे दिसतो. येणारा राजा न्यायी आहे असे ज्याचे मत असेल त्यास त्याच्या येण्याचा आनंद तेव्हाच होईल, जेव्हा आपल्या दप्तरात लपवण्याजोगे काही उरलेले नसेल. एरवी न्यायी माणसाच्या आगमनाची वार्ता ही तपासणी अधिकाऱ्याच्या आगमनाच्या वार्तेहून निराळी नाही, आणि तपासणीची तारीख ऐकून कोणी पेढे वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. जो बाकावर बसून वाट पाहतो आणि जो त्यास बाकावर बसवून ठेवतो, त्या दोघांस आगमनकाळ एकच गोष्ट सांगत नाही. पहिल्यास तो धीर देतो, दुसऱ्यास काम देतो. धर्मोपदेशकांनी हा भेद पुसून टाकून दोघांसही सरसकट 'शांती, आनंद, प्रेम' असे वाटले म्हणजे दुसऱ्याची आयतीच सुटका होते. मरियेने एलिझाबेथच्या घरी जाऊन जे स्तोत्र म्हटले, आणि जे आगमनकाळाच्या शेवटच्या दिवसांत अवश्य वाचले जाते, त्यात तर गादीवरून उतरविलेल्या सत्ताधीशांची व रिकाम्या हाताने परत पाठविलेल्या श्रीमंतांची गोष्ट उघड आहे. गोंडस बाळाच्या चित्रात ती गोष्ट झाकली जाते.

याउलट, फळ हाती येण्याआधीच आनंद करणे ही कल्पनाच अस्वाभाविक आहे, असा कोणाचा आक्षेप असेल तर त्यास आम्ही येळवसेच्या दिवशी आमच्याकडे येण्याचे निमंत्रण देतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येचा हा वेळअमावास्येचा सण लातूर, धाराशिव, सोलापूर आणि लगतच्या कर्नाटकाचा. नाशिक-साताऱ्याकडील वाचकांस त्याची फारशी ओळख नसेल. तो कधी आगमनकाळातच पडतो (२०२२ साली तो २३ डिसेंबरला होता), कधी नाताळ उलटल्यावर. शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावून कोप करतात, त्यावर शाल पांघरतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून लक्ष्मीसह त्यांची पूजा करतात. हरभऱ्याचे ढाळे, वाटाणा, तूर, वाल, हाताला लागेल ती पालेभाजी आणि बेसन एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर, आणि बिंदग्यातून आणलेली ताकातली आंबील असा नैवेद्य. मग शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फिरायचे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की या वेळी ज्वारी अजून पोटऱ्यांत किंवा नुकती निसवत असते. खळे दूर आहे, गारपिटीचे भय आहे, भाव काय मिळेल हे देवास ठाऊक. तरीही काळ्या आईस गर्भार लेकीसारखे मानून तिचे डोहाळे पुरविले जातात. आणि सणाची शर्त अशी की ज्यास शेत नाही त्यास शेतवाल्याने बोलवायचे: तालुक्याच्या गावचे मास्तर, बँकेतले बदलून आलेले साहेब, रस्त्याने जाणारा अनोळखी मोटारसायकलवाला, यांपैकी कोणी जेवल्याशिवाय कोपीवरून सुटत नाही. पिकाआधीचा आनंद आणि वाटून घेण्याची शर्त, ही दोन्ही एकत्र असल्यामुळे येळवस कधी पोरकट वाटत नाही.

ही तुलना आम्ही फार ताणणार नाही. येळवसेस समोर उभे पीक दिसत असते. आगमनकाळात ज्याची वाट पाहायची त्याचे राज्य दोन हजार वर्षांनंतरही पूर्णपणे आलेले नाही हे ख्रिस्ती माणूस स्वतःच कबूल करतो, किंबहुना आगमनकाळाचे पहिले रविवार गव्हाणीतील बाळाविषयी नसून शेवटच्या न्यायाच्या आगमनाविषयीच असतात. म्हणून त्यांची प्रतीक्षा अधिक लांबीची आणि अधिक जोखमीची. मराठीतल्या ख्रिस्ती वाङ्मयाच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाने ही लांबी चांगली ओळखली होती. १५७९ साली गोव्यास आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. त्याच्या दोन पुराणांपैकी पहिल्याचे ३६ अवस्वर हे सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापर्यंतच्या वाट पाहण्याचे आहेत, आणि दुसऱ्याचे ५९ त्यापुढच्या कथेचे. ओवी ऐकणाऱ्या श्रोत्यास मूळ कथेपर्यंत पोहोचण्यासाठी ग्रंथाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग ओलांडून यावे लागे. आजच्या घाईत कोणताही संपादक ते पहिले पुराण संक्षेपाने द्या म्हणाला असता.

बाजारानेही तेच केले आहे. नोव्हेंबर सरायच्या आत तांबड्या टोप्या आणि चमकणाऱ्या माळा दुकानांतून लोंबू लागतात, शाळांतून डिसेंबरच्या पहिल्याच पंधरवड्यात सांताक्लॉज खाऊ वाटून मोकळा होतो, आणि २५ तारखेस सण आला की त्याचे काम आधीच संपलेले असते. श्रावणाचे आम्ही हिंदूंनी सेलच्या जाहिरातीत रूपांतर केले आहे, रमजानचे खाद्यजत्रेत होत चालले आहे, तेव्हा एकट्या ख्रिस्ती समाजास बोल लावण्यात अर्थ नाही. पण हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या बसवून दर रविवारी एकेक अधिक पेटवण्याची जी रीत आज चर्चमधून दिसते, तिचा उगम जाता जाता सांगण्याजोगा आहे: १८३९ साली हँबुर्ग येथे अनाथ व दरिद्री मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्‍रिख विखर्न या पाळकाने, नाताळ कधी येणार असे मुले रोज विचारीत म्हणून गाडीचे एक जुने चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या. दरिद्री पोरांस दिवस मोजता यावेत यासाठी काढलेली ती युक्ती होती. आता त्या कड्याचे तयार संच डब्यातून विकत मिळतात.

बाजाराच्या या घाईपलीकडे विश्वास जगून दाखवायचा म्हणजे काय, याचे एक उदाहरण आमच्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव येथे, संत गोरोबाकाकांच्या नावाच्या नगरीत भरले, आणि त्याच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते; त्या आसनावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीस काहींनी विरोध केला, पत्रे आली, फोन आले; प्रकृती साथ देत नसताना ते आले आणि झुंडशाहीविरुद्ध जे बोलायचे ते बोलून गेले. सुबोध बायबल लिहिणारा हा माणूस वसईचा हिरवा पट्टा वाचविण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत उभा राहिला होता, आणि तेथे बलिष्ठ लोकांचा रोष पत्करणे हा त्यांच्या लेखी धर्माचाच भाग होता. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांच्या निवडीवर हरकत घेणाऱ्यांचा मुद्दा असा होता की पाद्रीबुवांचा मराठीशी काय संबंध; तो मुद्दा ख्रिस्तपुराणाच्या चारशे वर्षांनंतर कोणी काढावा याचेच आम्हांस नवल वाटले होते.

आमची सूचना दोहोंकडची आहे. मराठवाड्यातील मंडळ्यांनी, मग त्या कॅथलिक असोत वा प्रॉटेस्टंट, आनंदाच्या त्या तिसऱ्या रविवारी रोषणाईवरचा खर्च थोडा आखडून योहानाची तीन उत्तरे आपापल्या सभासदांपुढे ठेवावीत: ज्याच्या घरी जास्तीची थंडीची वस्त्रे आहेत त्याने ती उसाच्या फडात पालात राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या पोरांपर्यंत नाताळाच्या आत पोहोचवावीत, कारण याच दिवसांत कारखान्यांचे गाळप ऐन भरात असते व पहाटेची थंडी त्या पोरांस लागत असते, आणि जो सरकारी चाकरीत, सोसायटीत, शाळेत वा इस्पितळात आहे त्याने आपल्या टेबलावर कोणाचा कागद किती दिवस पडून आहे याची यादी करून तो निकालात काढावा. मंडळीत असे सभासद थोडे असतील; पण योहानापुढे आलेले जकातदारही काही हजारांनी नसावेत. आणि आम्ही इतरांनी, ज्यांस हा काळ पाळायचा नाही, निदान एवढे करावे की ज्या वर्षी येळवस आगमनकाळात येईल त्या वर्षी जवळच्या ख्रिस्ती घरास कोपीवर जेवायला बोलवावे. उपास असेल तर आंबील चालते की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. भज्जी मात्र आग्रह करून वाढावी.